गाइडना सांगू की नको?

मॅडम,

मी समाजशास्त्रात पीएचडी करते. चौथं वर्ष चालू आहे. विषय विडी कामगार बायकांचं आरोग्य. माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, आई अजूनही विड्या वळते. मुलाखती मी कुंभारीच्या घरकुलात आणि आमच्याच गल्लीत घेतल्या. सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, दुपारी मुलाची शाळा आणि घर, त्यामुळे लिहायला रात्रच मिळते. शिक्षण सगळं मराठीतून झालं आणि प्रबंध इंग्रजीत लिहायचा आहे.

मागच्या वर्षी एका मैत्रिणीने चॅटजीपीटी दाखवलं. आधी फक्त इंग्रजी तपासून घ्यायचे. मग पेपरांचे सारांश काढून घ्यायला लागले. मग मुलाखतीही त्यातच टाकल्या. संदर्भ साहित्याच्या आढाव्याचं प्रकरण तर जवळजवळ त्यानेच लिहिलंय. सरांनी ते वाचलं आणि ‘भाषा फार सुधारली तुमची’ म्हणून सगळ्यांसमोर कौतुक केलं. त्या दिवसापासून मला धड झोप नाही. पुढे प्रगती सेमिनारमध्ये एका मॅडमनी त्यातल्या एका संदर्भाबद्दल विचारलं, मला काही सांगता आलं नाही. घरी येऊन शोधलं, तर तो लेख कुठेच सापडेना.

माझ्याबरोबर नोंदणी केलेल्या एकाचे वर्षात चार पेपर आले. सर म्हणतात, ‘आता एआय आहे की, पटापट उरका.’ लॅपटॉप उघडला की छातीत धडधडतं. झोप लागली नाही की रात्री त्या चॅटजीपीटीलाच सगळं सांगत बसते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मी चोरी केली का? सरांना सांगू की नको? सॉफ्टवेअरमध्ये पकडले गेले तर? कधीकधी वाटतं, सगळं सोडून द्यावं.

– एक संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर

---

तू माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहिते.

तुझ्या शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलू. ‘सगळं सोडून द्यावं’ म्हणजे पीएचडी सोडावी, एवढंच म्हणायचं असेल तर त्यावर पुढे बोलूच. पण जगणंच नको असा विचार मनात येत असेल, तर हे पत्र बाजूला ठेव, घरातल्या कोणाला तरी जागं कर आणि १४४१६ या क्रमांकावर फोन लाव. ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. केंद्र सरकारची आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. तसं काही मनात नसेल तरीही, इतके दिवस झोप नाही आणि छातीत धडधडतं हे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात कर किंवा सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या ओपीडीत जा. ‘एकदा प्रकरण नीट झालं की झोप येईल’ असं म्हणून थांबू नकोस. झोप नसलेल्या डोक्याने प्रकरण नीट होत नाही.

आता चोरीचं. इंग्रजी तपासून घेतलंस, त्यात काही चोरी नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींनी आजवर कोणाकडून इंग्रजी तपासून घेतलं नाही? कोणाच्या तरी बहिणीकडून, पैसे देऊन टायपिंगवाल्याकडून, कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांच्या हातापाया पडून घेतलंच आहे. ज्यांच्या घरात इंग्रजी होतं त्यांना ही मदत जेवणाच्या टेबलावर मिळत होती आणि तिला कोणी कधी नाव ठेवलं नाही. ती तुला फोनवर मिळाली याचा मला आनंद आहे. पण ते आढाव्याचं प्रकरण आज ज्या अवस्थेत आहे, त्या अवस्थेत ते तुझं नाही. ते पुन्हा लिहावं लागेल. हे मी गोड करून सांगत नाही, कारण तुला ते आधीच कळलंय, आणि उगीच धीर दिला तर तू त्यावर विश्वास ठेवणार नाहीस.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. चॅटजीपीटी तू कितीतरी आधीपासून वापरत होतीस. झोप गेली ती कौतुक झालं त्या दिवसापासून. म्हणजे यंत्र हाती घेतल्याने तू आजारी पडली नाहीस. जे काम आपण केलं नाही त्याची शाबासकी घ्यावी लागली, आणि त्यानंतर रोज ते झाकून ठेवावं लागलं, त्याने तुला पोखरलं. म्हणून एआय आजपासून बंद केलंस तरी तेवढ्याने तुला बरं वाटणार नाही. लपवणं थांबायला हवं, आणि कामावरची तुझी पकड परत यायला हवी.

पकड जाते ती कशी, हे सांगते. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये ५४ जणांवर केलेला एक प्रयोग मांडला. काहींनी चॅटजीपीटी घेऊन निबंध लिहिले, काहींनी सर्च इंजिन वापरून, काहींनी नुसत्या डोक्याने. चॅटजीपीटीवाल्यांपैकी बहुतेकांना थोड्याच वेळापूर्वी आपण दिलेल्या निबंधातलं एक वाक्यही बरोबर सांगता आलं नाही. प्रयोग छोटा आहे, तज्ज्ञांच्या तपासणीआधीच तो जाहीर झाला, तेव्हा त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण सेमिनारमध्ये तुझं जे झालं ते नेमकं हेच होतं. त्यात तुझ्या बुद्धीचा काही दोष नाही. जे आपण खोडलं नाही, पुन्हा लिहिलं नाही, ज्यासाठी एकदाही अडलो नाही, ते आठवत नाही.

आणि सगळं खापर या यंत्रावरही फोडू नकोस. बेल्जियममध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे चॅटजीपीटी येण्याच्या पाच वर्षं आधी. त्यात साधारण दर तिघांतल्या एकाला नैराश्यासारख्या मानसिक आजाराचा धोका दिसला होता. तिथे फेलोशिप वेळेवर मिळते, तासिका तत्त्व नाही, तरी ही स्थिती. तुझ्या वाट्याला तर तासावर मोजून मिळणारे पैसे, घर, मूल, परकी भाषा आणि फक्त रात्र. इतक्या ओझ्याखाली असताना कोणी ‘आण, मी लिहून देतो’ म्हटलं, तर माणूस देणारच. तू आळशी आहेस म्हणून हे झालं नाही. तू एकटी पडलीस म्हणून झालं.

आता कामाचं बोलू. प्रकरणाची एक प्रिंट काढ आणि त्यातल्या प्रत्येक संदर्भाचा माग घे. गुगल स्कॉलरवर शोध, डीओआय (लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) असेल तर तो उघडून बघ, भारतातले प्रबंध असतील तर शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात बघ. जो सापडला नाही तो खोड, आणि त्याच्या आधाराने केलेलं विधानही खोड. ही यंत्रं पुढचा शब्द कोणता शोभेल याच्या अंदाजावर लिहितात, म्हणून खऱ्या लेखकाच्या नावाने, खऱ्या नियतकालिकात, कधीही न छापलेला लेख ती बेधडक तयार करतात. न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी असेच खोटे निवाडे कोर्टात सादर केले आणि २०२३ मध्ये त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. तू त्यात पहिली नाहीस. फक्त तुझा प्रबंध अजून गेलेला नाही, एवढं तुझं नशीब चांगलं.

जे संदर्भ सापडतील त्यातले सगळे वाचायची गरज नाही. विषयाच्या गाभ्याशी असलेले वेगळे काढ आणि ते स्वतः वाच, सारांश न मागता. एक लेख वाचून झाला की तो मिटव आणि त्यात काय होतं ते मराठीत अर्धं पान लिही. बोलणं सोपं जात असेल तर फोनवर रेकॉर्ड कर. मुलाला शाळेतून आणताना वाटेतही होईल. अशी पानं जमली की त्यांची जुळवणी तू कर, कोणाचं कोणाशी पटतं, कोणाचं पटत नाही, तुला कुठे शंका आहे ते ठरव. त्यानंतर त्याचं इंग्रजी करायला, व्याकरण बघायला यंत्राची मदत खुशाल घे. विचार मराठीत पक्का झाला असेल तर इंग्रजी कोणीही तपासलं तरी तो तुझाच राहतो. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरचे परीक्षक विचारतील तेव्हा बोलायचं तुलाच आहे, आणि तेव्हा तुला बोलता येईल.

मुलाखतींबद्दल मात्र मी थोडी कडक बोलणार आहे. त्या बायकांनी आपली दुखणी तुला सांगितली, ती तू त्यांच्यातली आहेस म्हणून. पाळीचं, गर्भपाताचं, नवऱ्याच्या दारूचंही कोणी सांगितलं असेल. नावं गुप्त राहतील असा शब्द तू दिला असणार, संमतीपत्रावर लिहिलंही असेल. मग नावागावासकट त्या मुलाखती परदेशातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर टाकायला नको होत्या. आता हे कर: ते संवाद तुझ्या खात्यातून पुसून टाक, सेटिंगमध्ये जाऊन आपलं बोलणं प्रशिक्षणासाठी वापरू देण्याची परवानगी बंद कर, आणि यापुढे नाव, गल्ली, कारखाना, ओळख पटेल असं काहीही काढल्याशिवाय एक ओळही त्यात जाऊ देऊ नकोस. सरांना सांगशील तेव्हा हेही सांग.

यात संशोधनाचंही नुकसान आहे. यंत्राने काढलेल्या निष्कर्षांत ‘आरोग्याविषयी जागरूकतेचा अभाव’ हे शब्द असणार, मी न बघता सांगते. असंघटित बाईमाणसांवरच्या असंख्य पेपरांत ते असतात, म्हणून यंत्र ते इथेही घालतं. पण तंबाखूची धूळ छातीत जाते हे तुझ्या आईला माहीत नाही का? मांडी घालून दिवसभर बसलं की कंबर आणि मान कशी जाते, हे तिला कोणी सांगायला हवं का? तिला सगळं माहीत आहे, आणि तरी ती सूप मांडीवर घेते. का घेते, हजार विड्यांमागच्या मजुरीचं आणि दवाखान्याच्या खर्चाचं गणित ती कसं जुळवते, हा तुझा प्रबंध आहे. हा प्रश्न पूर्व भागातल्या मुलीला जितका नीट विचारता येतो तितका दुसऱ्या कोणाला नाही. रेकॉर्डिंग पुन्हा ऐक. वेळ जाईल. तो वेळ वाया गेला असं मानू नकोस, गुणात्मक संशोधन त्यातच होतं.

सॉफ्टवेअरमध्ये पकडले जाण्याची भीती. इथे दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम हे दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणाऱ्या मजकुराबद्दल आहेत. १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, १० ते ४० टक्क्यांना सुधारून पुन्हा सादर करायला सांगतात, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करता येत नाही, त्याच्या वर नोंदणी रद्द होते. ‘हे एआयने लिहिलं’ असं सांगणारा आकडा हा निराळा, आणि तो फार कच्चा आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचंच असं ओळखणारं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंधांवर या साधनांनी एआयचा शिक्का मारला. साधी वाक्यं, नेहमीचे शब्द, की झाला संशय. म्हणजे तुझ्यासारखीने एक अक्षर यंत्राचं न घेता लिहिलं तरी शिक्का बसू शकतो. यावर उपाय एकच, काम केल्याच्या खुणा जपून ठेव: मराठी टिपणं, रेकॉर्डिंग, तारखांची वही, प्रकरणाचे जुने खर्डे. गुगल डॉक्समध्ये लिहिलंस तर कोणत्या दिवशी काय बदललं हे आपोआप राहतं. आणि एआयचा मजकूर ‘माणसाने लिहिल्यासारखा’ करून देणारी सॉफ्टवेअरं येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. ती लपवाछपवीच आहे, आणि तिने तुझी काय अवस्था केली ते तू बघतेच आहेस.

सरांना सांग. विचारते आहेस म्हणजे उत्तर तुझ्याकडे आहे, तुला सोबत हवी आहे. पण रडत, अचानक, कॉरिडॉरमध्ये सांगू नकोस. आधी संदर्भांची छाननी पूर्ण कर, मग वेळ मागून घे आणि एक कागद घेऊन जा: काय काय यंत्राकडून करून घेतलं, त्यात काय चुकीचं सापडलं, काय काढलं, नवं प्रकरण कधी देणार. बोलायचं ते असं: ‘सर, आढाव्याच्या प्रकरणात मी चॅटजीपीटी फार वापरलं. काही संदर्भ खोटे निघाले, ते काढले आहेत. हे प्रकरण मी नव्याने लिहिते आहे, मला दोन महिने द्या. आणि प्रबंधात एआयचा वापर कुठे आणि कसा नोंदवायचा ते सांगा.’ वापर नोंदवणं हे आता रीतीचंच झालं आहे. नियतकालिकं एआयला लेखक मानत नाहीत, पण कशासाठी वापरलं ते लिहायला सांगतात. विद्यापीठाचा किंवा विभागाचा या बाबतीत काही नियम असेल तर तो सरांकडून कळेल. सेमिनारमध्ये ज्या मॅडमनी विचारलं होतं त्यांनाही सांग, की तो संदर्भ चुकीचा होता आणि काढला आहे. त्यांनी तुझा अपमान केला असं तुला वाटलं असेल. मला वाटतं, त्या खोलीत तुझं प्रकरण मन लावून वाचलेल्या त्या एकट्याच होत्या.

सर रागावतील ही तुझी भीती असेल. माझी भीती वेगळी आहे. ‘पटापट उरका’ म्हणणारे सर कदाचित म्हणतील, ‘असू द्या हो, कोण बघतंय?’ तो क्षण जास्त अवघड. तेव्हा नम्रपणे पण ठाम राहा: ‘नाही सर, मला व्हायवात उत्तरं देता आली पाहिजेत.’ याला कोणताही गाइड नाही म्हणू शकत नाही. तरीही अडलंच तर संशोधन सल्लागार समितीतल्या दुसऱ्या कोणाशी बोल.

गाइड लोकांनाही या निमित्ताने एक सांगायचंय. यंत्रामुळे वाचलेले तास विद्यार्थ्याच्या झोपेला मिळत नाहीत, आपण लगेच तिथे दुसरा पेपर ठेवतो. ‘आता एआय आहे की’ हे वाक्य बोलायला सोपं असतं. ऐकणाऱ्याला त्यातून कळतं की अडणं, उशीर होणं, न समजणं याला आता जागाच उरली नाही. मग तो अडलेला असतो ते सांगत नाही. तुमच्या विद्यार्थ्याची भाषा एका महिन्यात अचानक सुधारली तर कौतुक करा, पण बसवून घ्या आणि विचारा, कशी लिहिलीत?

तुझ्या सोबत्याचे चार पेपर मी वाचलेले नाहीत, चांगलेही असतील. पण नुसत्या आकड्याने बिचकू नकोस. २०२४ मध्ये एका मोठ्या प्रकाशकाच्या नियतकालिकात छापून आलेल्या पेपरची सुरुवातच ‘नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक प्रस्तावना’ अशा अर्थाच्या वाक्याने होती. चॅटबॉटचं उत्तर जसंच्या तसं छापलं गेलं, लेखकांनी, परीक्षकांनी, संपादकांनी कोणीच पाहिलं नाही. पुढे तो पेपर मागे घेतला गेला.

रात्री त्या यंत्राशी बोलतेस, त्याबद्दल मी तुला दोष देणार नाही. रात्री दोन वाजता उत्तर देणारं दुसरं कोण आहे? पण ते तुझ्या प्रत्येक बोलण्याला ‘हो’ म्हणत राहील. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला आपली एक सुधारणा मागे घ्यावी लागली, कारण चॅटजीपीटी माणसांची नको इतकी हांजी हांजी करायला लागलं होतं. त्याला तुझी पडलेली मुद्रा दिसत नाही, ते तुला चहा पाज म्हणून कोणाला सांगत नाही, आणि तुझं बोलणं ऐकून स्वतःचं काही सांगत नाही. तुझ्या विभागात अशाच जागणाऱ्या आणखी मुली असणार. दोघी-तिघी मिळून आठवड्यातून एकदा बसा, विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा कोणाच्या घरी, आणि एकमेकींना आपलं एकेक पान मराठीतून सांगा. नवऱ्याला यातलं काही माहीत आहे का, ते पत्रात नाही. नसेल तर त्यालाही सांग. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलाला त्याने सांभाळलं तर लिहिणं रात्रीवरून संध्याकाळवर येईल, आणि हे त्याच्याकडे मागायला तू लाजू नकोस.

मुदतीची धास्ती असेल तर तीही थोडी कमी करते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला सहा वर्षं मिळतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना त्यावर आणखी दोन, अशी जास्तीत जास्त दहा. बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. तुझी नोंदणी कोणत्या नियमांखाली झाली आहे आणि त्यात तुला नेमकं काय लागू होतं, हे विद्यापीठाच्या पीएचडी विभागात जाऊन विचार आणि लेखी घे.